सफर आखावी नदीला विचारून

श्रोतेहो, गेल्या माघात आमचे एक स्नेही भेटायला आले. निफाडकडचे, तीस वर्षं शाळेत शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. घरी दोन एकर द्राक्षबाग. हातात एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. तिच्यावर चित्र काय, तर संथ नदी, तीत पांढरं लांबट जहाज, मागे डोंगरावर किल्ला आणि उतारभर द्राक्षमळे. युरोपातल्या नद्यांमधून आठ दिवसांची ऐषारामाची सफर! गुरुजी म्हणाले, "निम्मे पैसे मुलगी देते आहे, निम्मे मी साठवणीतले घालणार. जाणं एकदाच होणार. मला तिथली द्राक्षं खुडताना पाहायची आहेत आणि जुनी गावंही. आता सांगा, या पुस्तिकेत काय काय बघून घेऊ?"

मी म्हटलं, "गुरुजी, पुस्तिका जरा मिटून ठेवा. आधी नदीला विचारू."

त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं, तेच आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी सगळेच काही या सफरीला जाणार नाहीत. पण ज्यांची मुलं परदेशी आहेत, असे कितीतरी आईबाप आज गावोगाव आहेत. आणि नदी कशी वागते हे समजून घेणं तर सगळ्यांच्याच कामाचं आहे.

या सफरी मुख्यतः दोन मोठ्या नद्यांवर चालतात. एक ऱ्हाईन. ती स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते आणि सुमारे १२३० किलोमीटर वाहून नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. नाशिकची द्राक्षं ज्या रॉटरडॅम बंदरात उतरतात, ते बंदर याच नदीच्या मुखाशी वसलेलं आहे. दुसरी डॅन्यूब. ती जर्मनीतल्या काळ्या अरण्यात उगम पावते आणि दहा देशांना शिवून काळ्या समुद्राला जाते. या दोन नद्या जोडण्याचा खटाटोप शार्लमेन राजानं इसवी सन ७९३ मध्ये केला, पण तो तडीस गेला नाही. १७१ किलोमीटरचा आजचा कालवा पुरा व्हायला १९९२ साल उजाडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. तिकडे द्राक्षं खुडतात सप्टेंबर-ऑक्टोबरात. डोंगर पिवळे-तांबूस झालेले असतात आणि मळ्यांत माणसं असतात. साहजिकच पाहुण्यांना तेव्हाच जावंसं वाटतं. पण नेमकं त्याच सुमारास ऱ्हाईनचं पाणी उतरलेलं असण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात या नदीला आल्प्सवरच्या वितळत्या बर्फाचा आधार असतो. उन्हाळा सरता सरता तो ओसरतो, आणि त्यात पाऊसही ओढला म्हणजे नदी रोडावते.

ऱ्हाईनच्या सर्वांत देखण्या टप्प्यात, बिंगेन ते कोब्लेन्झ यांच्या दरम्यान, काउब नावाचं लहानसं गाव आहे. तिथं पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. जहाजवाल्यांचं लक्ष सदा त्या पट्टीवर, कारण तिथं पात्र उथळ आणि खडकाळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या पट्टीवर अवघे २५ सेंटिमीटर पाणी होतं. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, हे शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावं. जहाजाच्या वाटेत त्याहून मीटरभर किंवा थोडं अधिकच पाणी असतं. पण प्रवासी जहाज दीडेक मीटर पाण्यात बुडालेलं असतं. म्हणजे तळ टेकलाच म्हणायचा! २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीच गत झाली.

उलट प्रकारही घडतो. जून २०१३ मध्ये डॅन्यूबला असा पूर आला, की पासाउ गावात पाणी १२.८९ मीटरवर चढलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियात महापूर आला, तेव्हा प्रवासी जहाजं व्हिएन्नाच्या धक्क्यालाच अडकून पडली. पूर आला की पुलाखालून जायला जागा उरत नाही; पाणी आटलं की खाली तळ लागतो. जहाज कितीही ऐषारामी असो, खाली पाणी किती ठेवायचं हे कंपनीच्या हाती नसतं.

मग अशा वेळी प्रवाशांचं काय होतं? कंपनी त्यांना बसमध्ये बसवून पुढच्या गावी नेते. कधी निम्म्या वाटेवर दुसऱ्या जहाजावर चढवते, तर कधी जहाज जागीच उभं करून त्याचाच मुक्काम करते. अन् बहुतेक करारांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की पाण्यामुळे मार्ग बदलला तर पैसे परत मागता येणार नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारावं: पाणी कमी-जास्त झालं तर नेमकं काय कराल? किती दिवस बस, किती दिवस जहाज? विम्यात हे नुकसान धरलं आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर ती कंपनी सोडावी.

गुरुजी हिरमुसले. म्हणाले, "म्हणजे खुडणी पाहायची तर जहाज अडायचं, आणि जहाज चालायचं तर खुडणी नाही?"

मी म्हटलं, "तसं नाही. यावर तोड आहे. ऱ्हाईनला कोब्लेन्झपाशी मोझेल नदी मिळते. त्या नदीला बांध घातलेले आहेत."

जर्मनी, फ्रान्स आणि लक्झेंबर्ग या तीन देशांनी मिळून मोझेल नदी मोठ्या जहाजांसाठी बांधून काढली आणि १९६४ मध्ये ती खुली केली. जागोजाग बांध आहेत आणि बांधाशेजारी लॉक आहे. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच. जहाज एका हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं, हौदात पाणी भरतं, जहाज वर उचललं जातं, मग पुढचं दार उघडतं. असं पायरी-पायरीनं चढत जायचं. बांधांमुळे पाणी साठून राहतं, आणि उन्हाळा कडक गेला तरी जहाज सहसा अडत नाही. कोलोनहून निघून कोब्लेन्झला मोझेलमध्ये वळलं, तर काउबचा उथळ टप्पा वाटेत येतच नाही.

याचा अर्थ मोझेल अगदी बिनघोर आहे असा नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये म्यूडेन इथं एक मालवाहू जहाज लॉकच्या दारावर आदळलं, आणि वरच्या भागातली वाहतूक कित्येक आठवडे थांबली. जोखीम सगळीकडे असते. ती कुठं किती आहे हे पाहून निवड करायची, एवढंच आपल्या हाती.

आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांना पाहण्याजोगं मोझेलइतकं क्वचितच कुठं सापडेल. ब्रेम गावाजवळ काल्मोंट नावाचा उतार आहे. काही ठिकाणी तो पासष्ट अंशांपर्यंत उभा आहे, आणि त्यावर द्राक्षं आहेत! तिथं बैल चालत नाही की ट्रॅक्टर चालत नाही. माल आणि माणसं वर-खाली नेण्यासाठी एका रुळावरची गाडी बसवलेली असते; बाकी सारं हातानं. खाली माती थोडी आणि दगड फार. तो दगड कोणता, ठाऊक आहे? आपल्या शाळेतल्या पाटीचा. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्री ती ऊब वेलीला देतो. थंड मुलखात द्राक्ष पिकतं ते असं. खुडायला मजूर येतात पोलंड आणि रुमेनियातून. मजुरी परवडत नाही म्हणून कित्येक उभे उतार ओसाडही पडले आहेत. बागाइतदाराची ती चिंता आपल्याला अनोळखी नाही.

वेलीचं मूळही पाहून घ्यावं. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपातल्या बागाच्या बागा मुळापासून खाल्ल्या. अखेर उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर युरोपातली डोळकाडी बांधण्याचा. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, ते पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी. पण तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच.

आता गावं. ट्रिअरला सुमारे इसवी सन १७० मधली रोमन वेस उभी आहे, पोर्टा निग्रा, म्हणजे काळा दरवाजा. तिथल्या संग्रहालयात दगडात कोरलेलं, मद्याच्या पिंपांनी भरलेलं रोमन जहाज आहे; ते नॉयमागेन गावात सापडलं. याच ट्रिअरमध्ये १८१८ साली कार्ल मार्क्स जन्मला. १८४३ च्या जानेवारीत त्यानं मोझेलच्या द्राक्ष-शेतकऱ्यांच्या हलाखीवर वृत्तपत्रात लिहिलं, आणि त्याच वर्षी ते पत्र सरकारनं बंद केलं. कुएस गावी १४५८ साली स्थापन झालेला एक वृद्धाश्रम आहे. निकोलस नावाच्या तिथल्या विद्वान धर्मगुरूनं तो काढला, त्याला द्राक्षमळे आणि आपला ग्रंथसंग्रह दिला. आश्रम, मळे आणि ग्रंथालय तिन्ही आजही चालू आहेत. शिक्षकांनी हे ठिकाण चुकवू नये. मद्य घेत नसाल तर संकोच नको. साधा द्राक्षरसही तिकडे मिळतो.

राहिल्या बारीकसारीक बाबी. जहाजाच्या सर्वांत खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त, पण तिथली खिडकी उघडत नाही. धक्क्याला दोन-तीन जहाजं एकमेकांना चिकटून उभी राहतात, तेव्हा महाग खोलीतूनही शेजारच्या जहाजाचीच भिंत दिसते. म्हणून खोलीवर पैसे ओतण्यापेक्षा एखाद्या गावी एक मुक्काम वाढवावा. शाकाहाराचं आधी लेखी कळवावं. बक्षिसी आणि गावफेरी भाड्यात धरली आहे का, तेही विचारावं. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे तो करायचा. तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमाही लागतो. आणि बोटीच्या वेळेच्या आदल्या दिवशी तिथं पोचावं. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही.

गुरुजींनी सारं वहीत टिपून घेतलं. पुस्तिकेतली ऱ्हाईनची सफर त्यांनी सोडली आणि सप्टेंबरअखेरची, कोलोनहून ट्रिअरला जाणारी धरली. जहाज लहान, खोली मधल्या मजल्यावरची, आणि ट्रिअरला दोन दिवस अधिक. निघताना म्हणाले, "पेरणीआधी आम्ही आभाळ बघतो. तसं जहाजात बसण्याआधी पाणी बघायचं, एवढंच ना?"

एवढंच. नमस्कार.