बारा हजारांचे चार लेख

आम्ही संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावातल्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आज लोणचं-पापड नाही, शिलाई मशीनही नाही. आज बोलायचंय ते एका कर्जाच्या मागणीबद्दल.

पावसाळ्याच्या तोंडाशी आमची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते मांडून झाले आणि आमच्यातल्या एका ताईनं बारा हजाराचं कर्ज मागितलं. कारण काय, तर पोरीला लेख विकत घ्यायचेत. पोरगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूगोल. तिचा संशोधन प्रकल्प आहे आपल्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर. सरांनी सांगितलं की आधी या विषयावर कोणी काय लिहिलंय ते शोधून आण, मग पुढचं बोलू. तिनं मोबाइलवर शोधलं. चार लेख सापडले, पण उघडायला गेली की पैसे मागायचे. एकेका लेखाला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे आपले तीनेक हजार रुपये. चौक बारा.

सचिवताईनं कर्ज रजिस्टर उघडलं, पण पेन काही टेकवला नाही. आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "काहून वं माय, कागद का सोन्याचा हाय?" सगळ्या हसलो. पण प्रश्न खरा होता. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना. म्हशीला कर्ज दिलं तर म्हैस गोठ्यात दिसते. हे काय घेणार, किती पानांचं, आणि घेतल्यावर उपयोगाचं निघालं नाही तर? पोरीलाच बोलावून घेतलं.

तिनं सांगितलं ते असं. विद्यापीठातली, संशोधन संस्थांतली माणसं पाणी तपासतात, माती तपासतात आणि काय आढळलं ते लेख लिहून छापतात. असे लेख छापणारी खास नियतकालिकं असतात. छापण्याआधी त्याच विषयातले दुसरे जाणकार तो लेख तपासतात, म्हणून वर्तमानपत्रातल्या बातमीपेक्षा त्याला जास्त वजन. बहुतेक इंग्रजीत. गंमत बघा, विहिरी आमच्या, पाणी आमचं, पोटात जातं आमच्या लेकरांच्या, आणि त्या पाण्याचा हिशेब तीन हजार रुपये दिल्याशिवाय आम्हाला दिसणार नाही.

दुसरीही एक गोष्ट तिनं खाली मान घालून सांगितली. तालुक्याच्या ठिकाणी एका झेरॉक्सवाल्यानं तिला म्हटलं होतं, "कशाला शोधत बसतेस, आठ हजार दे, अख्खा प्रकल्प बनवून देतो." बारा हजारांतून लेख घ्यायचे की आठ हजारांत सगळंच उरकायचं, असा विचार घरात चालू होता. आम्हाला वाटतं, अशा वेळी पोरीवर रागवून उपयोग नाही, कारण शेजारच्या दोघींनी तेच केलंय हे तिला दिसत असतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं आणि ते दहा टक्क्यांच्या वर सापडलं तर दुरुस्त करून पुन्हा द्यावं लागतं, चाळीसच्या वर गेलं तर वर्षभर देता येत नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. विद्यापीठाकडे ते पकडणारं सॉफ्टवेअर आहे. झेरॉक्सवाला तेव्हा कुठे असेल?

म्हणून ठरवलं की एक महिना थांबायचं. कर्ज नाकारलं नाही, पुढच्या बैठकीवर ठेवलं. आणि महिनाभर दर शनिवारी दुपारी, जिच्या घरी नेट नीट चालतं तिच्या ओसरीवर पोरीसोबत दोघी-तिघी बसायचो. आम्हाला इंग्रजी येत नाही. पण आपण काय शोधतोय ते तर कळत होतं.

पहिला शनिवार वाया गेला. पोरगी इंग्रजीत "पिण्याच्या पाण्याची समस्या" असं टाकायची आणि चीन, आफ्रिका, सगळ्या जगाचे लेख यायचे. आम्ही म्हटलं, नदीचं नाव टाक की. तिनं पूर्णा टाकलं. मग आले परभणीचे लेख! आता हे शहरातल्या माणसाला कळणार नाही, पण आपल्याला कळतं. आपल्या जिल्ह्यातच दोन पूर्णा आहेत. आपली उत्तरेची पूर्णा बैतूलकडून सातपुड्यातून येते आणि तापीला मिळते. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा गोदावरीच्या बाजूची. तिसरी एक गुजरातेत आहे. मग पूर्णासोबत तापी टाकलं, "खारं भूजल" याचा इंग्रजी शब्द टाकला, आणि गाडी रुळावर आली.

नावाचा घोळ एवढ्यावर थांबत नाही. रेशनच्या यादीत एकाच बाईचं नाव तीन तऱ्हेनं असतं ना, तसंच. आज इंग्रजीत बुलढाणा लिहिताना डीनंतर एच लावतात. जुन्या सरकारी कागदांत तो एच नाही. एका स्पेलिंगनं शोधलं तर दुसऱ्याचे लेख निसटू शकतात. विदर्भ म्हणून शोधा, आणि जुनं हवं असेल तर बेरार म्हणूनही शोधा. "खारपाणपट्टा" हा आपला शब्द इंग्रजी लेखात क्वचितच येतो. तिथे "पूर्णा खोऱ्याचा क्षारयुक्त पट्टा" अशा अर्थाचे शब्द असतात. दोन-तीन शब्द मिळून एकच नाव असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हात टाकायचं, म्हणजे ते शब्द जोडीनंच शोधले जातात.

हे सगळं शोधायचं कुठे, तर साध्या गूगलवर नाही, गूगल स्कॉलरवर. ते २००४ पासून आहे, फुकट आहे आणि तिथे मुख्यतः अभ्यासाचे लेख, प्रबंध, पुस्तकंच दिसतात. आता नीट ऐका, कारण बारा हजार इथेच वाचले. लेखाच्या नावाखाली बारीक अक्षरांत "ऑल व्हर्जन्स" असं लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की तोच लेख आणखी कुठे कुठे ठेवलाय ते दिसतं. पुष्कळदा लेखकानं स्वतःच आपली प्रत विद्यापीठाच्या साइटवर फुकट ठेवलेली असते. आमच्या चारातला पहिला लेख असा मिळाला. तीन हजारांची वस्तू, दोन मिनिटांत. पोरीची आई दाराशी उभी होती, ती मटकन खालीच बसली.

त्याच ठिकाणी "साइटेड बाय" असंही असतं. म्हणजे या लेखाचा आधार पुढे कोणी कोणी घेतला. याचा उपयोग कळावा म्हणून पोरीनं आम्हाला आपल्या लोणारचं उदाहरण दाखवलं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रजानं लोणारची नोंद केली. पुढे पुष्कळ वर्षं तो ज्वालामुखीचा खड्डा की आकाशातून पडलेल्या दगडाचा, असा वाद चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' या अमेरिकेतल्या नियतकालिकात फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला की हे आघातानं झालेलं विवर आहे. मग वय किती? एका अभ्यासात बावन्न हजार वर्षं निघालं. पुढे २०११ च्या सुमाराला छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात, वेगळ्या पद्धतीनं मोजून, पाच लाख सत्तर हजार वर्षं. जी पोरगी पहिलाच लेख वाचून थांबली, ती बावन्न हजार लिहून मोकळी होईल. लेखाच्या शेवटची यादी मागे नेते आणि "साइटेड बाय" पुढे नेतं. दोन्हीकडे चालून यायचं.

दुसरं मोठं घबाड म्हणजे शोधगंगा. गांधीनगरला इन्फ्लिबनेट नावाचं केंद्र आहे, ते हे चालवतं. देशभरातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे कोणालाही फुकट वाचता येतात, आपल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचेही. प्रबंधात बहुधा दुसरं प्रकरण असतं "आधी कोणी काय केलं" याचं. कोणीतरी चार-पाच वर्षं घासून केलेली ती यादी असते. ती उतरवून द्यायची नसते बरं का, तिच्यावरून मूळ लेख शोधून स्वतः वाचायचे असतात. शेतीचे प्रबंध कृषिकोश नावाच्या ठिकाणी मिळतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पूर्णा खोऱ्याच्या मातीवर काम झालंय, ते तिथे बघायचं. आणि पोकरा योजना आठवते ना? जागतिक बँकेच्या मदतीची, खारपाणपट्ट्यातली गावंही तिच्यात होती. जागतिक बँक आपले योजनांचे अहवाल खुले ठेवते. केंद्रीय भूजल मंडळाची आपल्या जिल्ह्याची पुस्तिकाही नेटवर आहे.

दुसरा लेख मात्र कुठेच फुकट नव्हता. त्यासाठी पोरगी अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. एसटीला आपल्याला अर्धंच तिकीट, तेवढा खर्च गटानं दिला. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये "एक राष्ट्र एक सदस्यता" ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं, ६३०० हून जास्त सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी, तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये. म्हणजे पैसे आधीच भरलेले आहेत, आपल्याच करातून. पण ही सोय सरकारी संस्थांना. आपल्या पोरी शिकतात ती कॉलेजं बहुतेक खाजगी संस्थांची. त्यांच्यासाठी एन-लिस्ट म्हणून इन्फ्लिबनेटचीच दुसरी सोय आहे, कॉलेज सभासद असेल तर ग्रंथपाल विद्यार्थिनीला लॉगिन देऊ शकतात. आपल्या पोरीला दीड वर्षात हे कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. ग्रंथपालाकडे पोरी पुस्तक मागायला जातात, लॉगिन मागायला जातच नाहीत.

तिसऱ्या लेखासाठी तिनं लेखकालाच पत्र टाकलं. लेखाच्या पहिल्या पानावर ईमेलचा पत्ता असतो, ते पान फुकट दिसतं. चार ओळी लिहिल्या: मी अमुक, अमुक विषयावर काम करते, माझं गाव या पट्ट्यातच आहे, आपल्या लेखाची प्रत मिळेल का. आम्ही म्हटलं, एवढा मोठा माणूस कशाला उत्तर देतोय. नवव्या दिवशी लेख आला, आणि सोबत विचारलं होतं की तुमच्या गावात आता पाणी कुठलं पितात? पोरीनं ते आम्हाला वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागलो, कोणी बोअरचं सांगे, कोणी कॅनचं, कोणी आपल्या दिराच्या मुतखड्याचं.

चौथा मिळालाच नाही. त्याचा सारांश तेवढा वाचला आणि नाद सोडला.

दोन ठिकाणी ठेच लागली तेही सांगतो. मोबाइलवर प्रश्नाचं उत्तर देणारं ते एआय असतं, त्याला पोरीनं लेखांची नावं विचारली. त्यानं आठ नावं दिली, लेखकासकट, सालासकट. शोधायला गेलो तर त्यातली तीन जगात कुठेच नव्हती. खोटं नाव प्रकल्पात गेलं असतं तर सरांसमोर काय उत्तर देणार होती? तेव्हापासून नियम केला की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही. आणि वही कशी, तर आपल्या गटाच्या रजिस्टरसारखी रकाने पाडून: नाव, लेखक, साल, कुठे मिळाला, काय म्हणतो. दुसरी ठेच म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिकं. एका "आंतरराष्ट्रीय" लेखात आपली पूर्णा थेट अरबी समुद्राला मिळवली होती. तो आम्हीच बाद केला.

लेख वाचताना आकड्यांच्या तक्त्यापाशी थांबायचं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. हे एवढं माहीत असलं की इंग्रजी न येणारी बाईही तक्त्यावर बोट ठेवून सांगू शकते, ही विहीर पिण्याची नाही. नमुना कधी घेतला तेही बघायचं. मे महिन्यातलं पाणी आणि पावसाळ्यानंतरचं पाणी सारखं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

२०२४ च्या अखेरीला शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस गळायला लागले तेव्हा आठवा. आधी पाण्यावर संशय गेला, मग गव्हातल्या सेलेनियमवर बोट ठेवलं गेलं. आमच्याकडे बायांनी महिनाभर भीतीनं डोकं धुतलं नव्हतं. तेव्हा आम्हाला शोधायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

पुढच्या बैठकीत त्या ताईनं कर्जाची मागणी मागे घेतली, तशी नोंद प्रोसिडिंगमध्ये आहे. पोरीच्या वहीत सत्तावीस लेख झाले. सरांनी विषयाला मंजुरी दिली. तिनं आपलं पहिलं प्रकरण मराठीत सांगून दाखवलं, सगळ्यांनी ऐकलं. शेवटी त्याच आजीनं विचारलं, "मी लग्न होऊन आली तवा मारुतीजवळच्या विहिरीचं पाणी गोड होतं. ते खारं कवा झालं, हे लिवलं हाय का कोनं?"

सत्तावीसपैकी एकातही ते नव्हतं. पोरगी आता जुनी गॅझेटियर बघतेय, वऱ्हाडचं १८७० चं आणि बुलढाणा जिल्ह्याचं १९१० चं. दोन्ही इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत, अक्षर बारीक आहे. येत्या शनिवारी पुन्हा ओसरीवर बसणार आहोत.