शिकारीचा परवाना आणि गांवची तिजोरी

कोणताही कर बसवितांना दोन प्रश्न पुढें येतात. तो कोणापासून घ्यावा, हा पहिला. आणि तो कोणाच्या तिजोरींत जावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाविषयीं सर्वच लोक जागरूक असतात, कारण त्याची झळ प्रत्यक्ष खिशाला लागते. दुसऱ्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. शिकारीच्या परवान्यावरील शुल्क हें या दुसऱ्या प्रश्नाचें एक लहानसें पण बोलकें उदाहरण आहे. रक्कम थोडी, परंतु तिच्या पाठीमागचें तत्त्व थोडें नाहीं.

ज्या जिल्ह्याला १ जानेवारी १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें, त्या जुन्या कुलाबा जिल्ह्याची किनारपट्टी डोळ्यांपुढें आणावी. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास रानाचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या जागेंत भाताचीं खाचरें व नारळीपोफळींच्या वाड्या. भात पिकूं लागलें कीं रानडुकरें रात्रीं डोंगरावरून उतरतात. वानर वाडींत शिरले कीं कोंवळे नारळ जमिनीवर पडतात. शेतकरी माळ्यावर जागतो, डबे बडवितो, आरोळ्या देतो. तरी सकाळीं अर्धें खाचर तुडविलेलें आढळतें. ज्या सावजासाठीं शहरांतील हौशी गृहस्थ परवाना काढी, तें सावज शेतकऱ्याच्या धान्यावर पोसलें जाई. मग त्या परवान्याच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा?

इंग्लंडमध्यें या प्रश्नाला एक उत्तर मिळालें. तेथें १८६० च्या कायद्यान्वयें शिकारीचा परवाना काढावा लागे, आणि त्याचें शुल्क मध्यवर्ती सरकारकडे जमा होई. १८८८ च्या कायद्यानें कौंटी कौन्सिलें, म्हणजे आपल्याकडील जिल्हा बोर्डांसारख्या संस्था, निर्माण झाल्या. तेव्हां शिकार, कुत्रीं, बंदुका इत्यादिकांच्या परवान्यांचें उत्पन्न त्यांना तोडून देण्यांत आलें. पुढें १९०८ सालीं हें शुल्क वसूल करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे सोंपविण्याची तरतूद झाली. दर ठरविण्याची मोकळीक मात्र त्यांना मिळाली नाहीं. पार्लमेंटनें दर ठरवावा आणि उत्पन्न स्थानिक रस्त्यांच्या व लोकोपयोगी कामांच्या उपयोगीं पडावें, अशी ही वांटणी होती. तो परवाना इंग्लंड व वेल्समध्यें २००७ सालीं रद्द झाला. तरी ती वांटणी विचार करण्याजोगी आहे.

आपल्याकडे काय घडलें? १८६९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें १ आणा लोकल फंड बसविण्यांत आला. त्याचे दोन भाग रस्त्यांकडे व एक भाग शाळांकडे, अशी सामान्यतः विभागणी असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ सालीं लोकल बोर्डांचा कायदा झाला. बोर्डांच्या उत्पन्नांत तरींची फी होती, कोंडवाड्याचा पैसा होता. यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. शेतकऱ्याचें गुरूं दुसऱ्याच्या शेतांत शिरलें, तर त्याचा दंड स्थानिक फंडांत पडे. परंतु सरकारी रानांतील डुक्कर त्याच शेतांत शिरलें, तर त्याचा हिशेब कोणत्याच वहींत नसे. राखीव रानांतील शिकारीवर जंगल खात्याच्या नियमांचें बंधन होतें, आणि परवाना देणेंही सरकारच्याच हातीं होतें. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालीं स्थानिक संस्थांना कोणते कर बसवितां येतील याची यादी करण्यांत आली. तींत घरें, होड्या, गाड्या, जनावरें, जकात, धंदे, इतकेंच नव्हे तर घरगडीसुद्धां होते. शिकारीचा परवाना नव्हता.

जंजिरा संस्थानांत गोष्ट आणखी निराळी. मुरूडजवळचें फणसाडचें रान हें नबाबांचें शिकारीचें राखीव रान. जेथें रानही राजाचें आणि शिकारही राजाची, तेथें परवान्याचें शुल्क कोणी कोणास द्यावें? १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा मुंबई कायदा होऊन शिकारीच्या परवान्यांना नवें रूप आलें. तरी परवाना राज्याचा तो राज्याचाच राहिला.

याची दुसरी बाजूही न्यायानें ऐकली पाहिजे. ज्या संस्थेचें पोट परवान्यांवर भरतें, ती परवाने वाढविण्यास सोकावेल, ही शंका निराधार नाहीं. रस्त्याची खडी विकत घेण्यासाठीं रानांतील सांबरें आणि भेकरें संपवावयाचीं, असा प्रसंग येण्यास वेळ लागला नसता. शिवाय रानांतील जनावर तालुक्याची हद्द जाणत नाहीं. एका बोर्डानें राखलेलें दुसऱ्याच्या हद्दींत मारलें जाणार. म्हणून परवाना द्यावा कीं नाहीं, किती द्यावे, कोणत्या ऋतूंत द्यावे, हें ठरविणें राज्याकडेच असणें योग्य होतें. परंतु परवाना देण्याचा अधिकार वेगळा आणि त्याचें उत्पन्न उपभोगण्याचा अधिकार वेगळा. पहिला राज्याकडे ठेवून दुसरा गांवाकडे देतां आला असता. त्या दोहोंची गांठ सोडविण्याचा विचार येथें झाला नाहीं, आणि कुलाब्याच्या शेतकऱ्याला राखणीचे कष्ट तेवढे मिळाले.

आतां परवानाच उरला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत प्रथम मोठ्या व लहान शिकारीचे निरनिराळे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनें ते काढून टाकण्यांत आले आणि हौसेची शिकार कायद्यानें संपली. पिकांची नासाडी करणाऱ्या कांहीं जनावरांपुरती वनाधिकाऱ्यांच्या अनुज्ञेची वाट मोकळी आहे. पनवेलजवळ कर्नाळा १९६८ सालीं, आणि नबाबांचें तें फणसाड १९८६ सालीं अभयारण्य झालें. हें सर्व इष्टच झालें. बंदुकीऐवजीं दुर्बीण घेऊन माणसें रानांत जाऊं लागलीं, याचा कोणाही सुशिक्षिताला आनंदच वाटेल.

तथापि जुना प्रश्न वेष पालटून पुन्हां दारीं उभा आहे. पूर्वीं शिकारी फी देई, आतां पक्षी पाहणारा प्रवासी प्रवेशशुल्क देतो. रान तेंच आहे, त्याच्या पायथ्याचीं खाचरें तींच आहेत, आणि रात्रीं जागणारा शेतकरीही तोच आहे. पिकांच्या नुकसानीची भरपाई वनखात्यामार्फत मिळते. पण ती एकेका शेतकऱ्याच्या अर्जावर आणि पंचनाम्यावर अवलंबून असते. गांवाच्या तिजोरीचा हक्क ही त्याहून निराळी वस्तु आहे. ग्रामपंचायत घरपट्टी घेऊं शकते, यात्रेकरूंवर व जत्रांवर कर बसवूं शकते. शेजारच्या रानाच्या उत्पन्नावर मात्र तिला स्वतःची सत्ता नाहीं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें राज्याला अशी मुभा दिली आहे कीं, स्वतः वसूल केलेला कर किंवा शुल्क त्यानें कायद्यानें पंचायतींना नेमून द्यावें. म्हणजे वाट मोकळी आहे. चालण्याची इच्छा हवी.

शहरांतील कुटुंबें रविवारीं कर्नाळ्यास किंवा फणसाडास जातात, तिकीट काढतात, झाडांच्या सांवलींत डबा उघडतात आणि संध्याकाळीं परततात. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या शेंकरूला पाहून मुलें टाळ्या पिटतात, त्याच्या फराळाचा कांहीं भाग एखाद्या वाडीवाल्याच्या नारळांतून गेलेला असतो. त्या तिकिटांतील रास्त हिस्सा त्या गांवच्या शाळेला, विहिरीला किंवा शेताच्या कुंपणाला मिळाला, तर तो उपकार ठरणार नाहीं. तें जुन्या देण्याची फेड ठरेल. आणि रान राखण्याची आस्था कायद्याच्या धाकापेक्षां अशा फेडीनेंच अधिक टिकते.