मूल कोणाकडे होतं?



महिला दिन आला की कर्तबगार स्त्रियांच्या गोष्टी सांगायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. शाळेत फोटोला हार, सोसायटीत सत्कार, ऑफिसात गुलाबाचं फूल. व्हावेत सत्कार, माझी त्याला मुळीच हरकत नाही. पण या गोष्टी सांगताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तो मी आज विचारणार आहे, आणि मिळालेल्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. ही बाई घराबाहेर काम करत होती, तेव्हा तिचं मूल कोणाकडे होतं?

गोरेगावच्या मृणालताई गोरे. मुंबईच्या उपनगरातल्या माणसाला त्या नव्याने सांगायला नकोत. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत आल्या, १९४८ साली केशव गोरे यांच्याशी, म्हणजे बंडूंशी लग्न केलं. १९५८ साली बंडू गेले तेव्हा पदरात लहान मुलगी होती. तीन वर्षांत, १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या. नळाला पाणी यावं म्हणून हंडे घेऊन निघालेल्या बायकांच्या पुढे त्या चालल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ केलं. १९७२ साली आमदार. त्याच सुमाराला अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते यांच्याबरोबर महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे. आणीबाणीत भूमिगत, मग तुरुंग, आणि १९७७ साली लोकसभा. हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण महापालिकेची सभा लांबली, वस्तीतली बैठक रात्री उशिरा उठली, मोर्चा पोलिसांनी अडवला, त्या त्या दिवशी घरातल्या त्या लहान मुलीला जेवू कोणी घातलं? निजवलं कोणी? कोणीतरी होतंच. कोणीतरी असल्याशिवाय हे होत नाही. त्या ‘कोणीतरी’चं नाव आपल्या भाषणांत येत नाही.

सुरेखा यादव यांचं नाव घ्या. साताऱ्याकडची मुलगी, १९८८ साली देशातली पहिली महिला रेल्वेचालक झाली. घाटातून गाड्या नेल्या, लोकल चालवली, डेक्कन क्वीन चालवली, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत घेऊन मुंबईत आली. नवरा पोलिसात, घरी दोन मुलगे. आई रेल्वेत, बाप पोलिसात. दोन्ही नोकऱ्यांत दिवस-रात्र, सणवार काही नाही. आता तुम्हीच सांगा, इथे पहिला प्रश्न कोणता सुचायला हवा? आपण विचारतो, ‘इंजिनात भीती नाही वाटली?’

पाळणा कसा टांगतात ते आठवा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या असतात, त्या वर एकत्र येतात आणि तुळईच्या कडीला अडकतात. एकाच दोरीवर पाळणा टांगला तर तो कलंडेल, हे बारशाला जमलेल्या कुठल्याही बाईला कळतं. पण नोकरी आणि मूल दोन्ही सांभाळायची वेळ आली की आपण सगळा भार एका दोरीवर टाकतो. आईवर. आणि वर ती दोरी किती चिवट आहे याचं कौतुक करतो! आदर्श म्हणून ज्यांचे फोटो लावतो, त्यांच्या घरी उरलेल्या तीन दोऱ्या कुठून ना कुठून जमल्या होत्या. सासू असेल, शेजारीण असेल, पगारी बाई असेल. जिला त्या जमल्या नाहीत, तिने नोकरी सोडली. तिचा फोटो कुठेच लागला नाही. हुशारीत ती काही कमी नव्हती.

मी मुलुंडची. नोकरी करत मुलं वाढवली ती शेजारच्या काकूंच्या भरवशावर. निवृत्तीनंतर मी उपनगरातली पाळणाघरं हिंडून पाहिली. घाटकोपरला एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एक बाई पंधरा मुलं सांभाळते. संध्याकाळी सव्वासहा वाजल्यापासून तिथे मुलांना चप्पल-बूट घालून, तोंड पुसून, दप्तरं पाठीला लावून भिंतीशी बसवतात. दारावरची घंटा वाजली की पंधरा माना वळतात. एक उठतो, चौदा पुन्हा भिंतीला टेकतात. सात वाजता दोघं उरतात. त्यातल्या एकीची आई मेट्रोने मरोळहून येते. मेट्रो वेळेवर येते, पण घाटकोपरच्या पुलावरची गर्दी तिला वेळेवर उतरू देत नाही. ती पुलावरून फोन करते. पाळणाघराच्या काकू फोन मुलीच्या कानाला लावतात. मुलगी काही बोलत नाही, नुसती ऐकते आणि बुटाचं वेल्क्रो काढते, लावते, काढते, लावते. आणि ज्या बाईने हा फोन मुलीच्या कानाला लावला, तिच्या स्वतःच्या मुलाला ताप असला तरी तिला सुट्टी नाही. तीसुद्धा कमावती आई आहे. महिला दिनाच्या सत्काराला तिला कोणी बोलावल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता कायदा. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच दुरुस्तीत, जिथे ५० किंवा अधिक माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे, असंही आलं. आणखी एक चांगली गोष्ट त्यात झाली. जुन्या कारखाना कायद्यात कामावर किती बायका आहेत त्यावर पाळणाघर ठरायचं. म्हणजे बायका कमी घेतल्या की मालकाची सुटका! इथे बायका आणि पुरुष दोन्ही मोजले जातात. शिवाय चार कंपन्यांनी मिळून एक सामायिक पाळणाघर काढलं तरी कायद्याला चालतं. अंधेरीच्या एमआयडीसीत, सीप्झमध्ये भिंतीला भिंत लावून कंपन्या आहेत. एकत्र येऊन हे करणं त्यांना अवघड नाही. करत का नाहीत, ते त्यांना विचारा. तुमच्यापैकी काही जणी, काही जण तिथे नोकरीला आहात. विचारा.

पण माझा खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. कृपा करून हा नीट ऐका, कारण तो निसटतो. कायद्याने पाळणाघर ऑफिसाला बांधलं. उपनगरातल्या आईचं घर ऑफिसाला बांधलेलं नाही, ते रेल्वेला बांधलेलं आहे. बोरिवलीत राहणारी, अंधेरीला नोकरी करणारी बाई सकाळी साडेआठच्या गर्दीत आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन लोकलमध्ये चढणार आहे का? ज्या गाडीत आपली ओढणी सांभाळता येत नाही, त्या गाडीत? ऑफिसातलं पाळणाघर कितीही चकचकीत असलं तरी तिच्या बाळाला तिथपर्यंत पोचता येत नाही. पाळणाघर हवं ते घराजवळ आणि तिच्या वाटेवर, म्हणजे स्टेशनच्या चालत अंतरावर. जाताना मूल ठेवलं, येताना उचललं. एवढी साधी गोष्ट आहे.

५ मे १९९२ ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांसाठी लोकल पश्चिम रेल्वेने सुरू केली. ‘लेडीज स्पेशल’. त्यामागे कोणीतरी विचार केला होता की नोकरदार बाईचा दिवस घरातून निघाल्यापासून सुरू होतो. तोच विचार आणखी दहा पावलं पुढे न्यायचा आहे. बोरिवलीला उतरल्यावर ती कुठे जाते?

सोय माणसाजवळ न्यायची, हा विचार आपल्या मातीत नवा नाही. ताराबाई मोडक आठवा. संसार विस्कटला, एकुलती मुलगी प्रभा हिला घेऊन राजकोटला प्राचार्यपदाची नोकरी धरली, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. पुढे १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तिथून काम कोसबाडला गेलं, अनुताई वाघ बरोबर होत्या. आदिवासी पाड्यावरचं मूल शाळेपर्यंत येत नाही, हे दिसल्यावर ताराबाई मुलावर रागावल्या नाहीत, आईला दोष दिला नाही. शाळा मुलाच्या अंगणात नेली. आजच्या अंगणवाड्यांचं मूळ तिथलं. एकटीने मूल वाढवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आईने देशाला दिलेली ही गोष्ट आहे. आदर्श म्हणून त्यांचा फोटो लावायचा असेल तर त्याखाली हेही लिहा की सोय माणसाच्या दारात न्यावी लागते. १९६९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत मोबाइल क्रेश, म्हणजे फिरतं पाळणाघर, सुरू झालं तेही याच वाटेने गेलं. बांधकाम मजूर बाईचं मूल वाळूच्या ढिगावर खेळत होतं, म्हणून पाळणाघरच बांधकामाच्या जागी गेलं. मुलुंड-घाटकोपरचे जे उंच टॉवर आपण पाहतो, त्यांच्या विटा वाहणाऱ्या बाईसाठी जे सुचलं, ते त्या टॉवरात राहणाऱ्या बाईसाठी आणि तिच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईसाठी का सुचू नये? भांडी घासणाऱ्या बाईला तर भरपगारी २६ आठवडे नाहीत आणि २६ दिवसही नाहीत. ती दोन महिन्यांत कामावर येते आणि आपण तिला विचारतो, ‘एवढ्या सुट्ट्या का झाल्या?’ हा प्रश्न विचारणाऱ्या घरात सशक्तीकरणाचं भाषण कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाळण्याच्या दोऱ्यांकडे परत येते. दुसरी दोरी बापाची. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. आणि रजा असली तरी घेतल्यावर ऑफिसात हसतात, म्हणून अनेक जण घेत नाहीत. बाबांनो, घ्या. पाळणाघरातून मूल आणायची पाळी आठवड्यातून दोनदा तुमची असू द्या. ‘मी बायकोला मदत करतो’ असं म्हणू नका. मूल तुमचंही आहे.

तिसरी दोरी आजी-आजोबांची. त्यांच्याबद्दल मला बरंच सांगायचं होतं, विशेषतः गुडघे दुखत असताना नातवामागे धावणाऱ्या आणि ‘नाही’ म्हणायची सोय नसलेल्या आजींबद्दल... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

चौथी दोरी तुमची-आमची, म्हणजे शेजाराची. आपल्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यावरचा हॉल वर्षातून चार दिवस गणपतीला आणि एकदा वार्षिक सभेला उघडतो. त्यात कोणी पाळणाघर काढायचं म्हटलं की मुलांच्या आवाजाची तक्रार येते, लिफ्ट बिघडेल म्हणतात, बाहेरची माणसं येतील म्हणतात. अहो, लहान मुलांचा आवाज आहे तो, दुपारी दोन तास ती झोपतात. त्या हॉलला खिडक्या आहेत, संडास आहे, पाणी आहे. इमारतीत निवृत्त शिक्षिका आहेत, काम शोधणाऱ्या बायका आहेत. नाही ते फक्त आपल्या सर्वांचं ‘हो’.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘सोसायटीत पाळणाघराला जागा देणे’ हा विषय घ्यावा, असं पत्र आजच चिटणीसांना द्या. दोन ओळी पुरतात. शेजारच्या चार घरांच्या सह्या घ्या, त्यातल्या दोन तरी पुरुषांच्या असू द्या. आणि पोच घ्यायला विसरू नका.