चिपाडाचं पाणी

उसाचं चिपाड आपल्याकडे बहुतेक साखर कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जातं. तमिळनाडूत करूर जिल्ह्यातल्या कागितपुरमला मात्र त्याचा कागद होतो. राज्य सरकारने उभारलेली ही गिरणी 1984 पासून चालू आहे.

चिपाड मिळतं गाळपाच्या हंगामात आणि कागद तर बारमाही काढायचा. म्हणून चिपाडाचे डोंगर रचून ते ओलं ठेवतात, मग धुऊन घेतात. धुण्याच्या या पाण्यात साखर उतरलेली असते. असं पाणी नदीत गेलं की जिवाणू त्या साखरेवर तुटून पडतात, प्राणवायू संपतो, मासे मरतात. तेच बंद टाकीत हवा लागू न देता कुजवलं की मिथेन मिळतो. इथे तो चुनाभट्टीत फर्नेस ऑइलऐवजी जाळतात.

कागदाच्या गिरणीत चुनाभट्टी कशाला? लगदा शिजवून झाल्यावर काळाकुट्ट द्राव उरतो, ब्लॅक लिकर. त्यात लिग्निन, म्हणजे तंतू चिकटवून ठेवणारं द्रव्य, असतं आणि शिजवायला घातलेली रसायनंही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळला की लिग्निनच्या उष्णतेवर वाफ तयार होते, आणि तळाशी सोडा वितळून उरतो. तो पाण्यात विरघळवून भट्टीतला चुना घातला की कॉस्टिक सोडा परत हाती येतो. माझ्या मते सांडपाण्याची खरी प्रक्रिया ती हीच. भाताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या लहान गिरण्यांना हे जमत नसे. पेंढ्यातल्या सिलिकाची खपली आटवण्याच्या नळ्यांवर धरते, आणि यंत्रणेचा खर्चही झेपत नसे. मग काळं पाणी थेट नाल्यात जाई. लिग्निन जिवाणूंना सहजी पचत नाही. नंतर हवा घुसळूनही त्याचा रंग जात नाही.

कागितपुरमला उरलेलं पाणी निवळून, जिवाणूंकडून साफ करून शेतकऱ्यांच्या उपसा सिंचन संस्थेला देतात. ही संस्था 1995 ची. हजाराहून अधिक एकर कोरडवाहू जमीन या पाण्यावर भिजते. पण प्रक्रियेने सोडियम निघत नाही, तो मातीत साठतो. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड रानांचे मालक हे जाणतात. तेव्हा असं पाणी घेणाऱ्याने निचऱ्याचे चर आधी काढावेत, मातीचा नमुना दरवर्षी तपासावा आणि गरजेप्रमाणे जिप्सम टाकावं. त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे गिरणीशी करारातच लिहून घ्यावं.