हळू बोला, लांबची बहीण बोलते आहे

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मोबाइलच्या शास्त्रावर मी बोलावे याचे माझे मलाच हसू येते. पण त्याला कारण घडले.

२००४ साली दिवाळी आणि रमजान ईद लागून आल्या होत्या. चाँदरातीला मी बारामतीत होतो. अम्मा आपाकडे, इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठच्या वस्तीवर. आपाने नवाच सीडीएमए फोन घेतला होता. दुपारी ती स्वच्छ ऐकू आली. संध्याकाळी मात्र ‘अम्माला...’ एवढेच आले आणि आवाज तुटला. रात्रभर जिवाला घोर. पहाटेच्या एसटीने गेलो, तर अम्मा शेवया भाजत बसलेली! आपाचा निरोप होता, ‘अम्माला चष्मा घेऊन ये.’

दुपारी बोलणारा फोन संध्याकाळी मुका का झाला? एका अभियंता मित्राने समजावले. सीडीएमएमध्ये सगळे फोन एकाच लहरपट्ट्यावर एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाचा संकेत वेगळा. बाकीच्यांना तो नुसता गोंगाट. मोकळ्या रानातसुद्धा अंतर दहापट झाले की लहरीची शक्ती शंभराव्या हिश्शावर येते. मग मनोऱ्याजवळचा फोन जोरात बोलला, तर लांबचा बुडणारच.

अमेरिकेतल्या क्वालकॉम कंपनीने १९८९ मध्ये सॅन दिएगो येथे या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवले. तिचा कणा म्हणजे शक्तीवरचा ताबा. मनोरा प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा बजावतो, ‘जरा हळू’ किंवा ‘जरा मोठ्याने’. जवळचा कुजबुजतो, लांबचा ओरडतो. मनोऱ्यापाशी दोघे सारखेच पोचतात. लांबच्या वस्तीवर बॅटरी लवकर उतरते ती यामुळेच.

पण सणाच्या संध्याकाळी सगळेच बोलू लागले की गोंगाट चढतो. हद्दीवरचा फोन आधीच जिवाच्या आकांताने ओरडत असतो. त्याच्यापाशी आणखी जोर नसतो. तेवढ्या वेळापुरती मनोऱ्याची हद्दच आक्रसते. त्या संध्याकाळी आपा हद्दीबाहेर पडली होती. गर्दी ओसरली की हद्द पुन्हा पसरते.

अभियंत्यांनी आणखी एक युक्ती काढली. सर्वांत मोठा आवाज आधी नीट समजून घ्यायचा आणि मग एकूण गोंगाटातून तेवढा वजा करायचा. त्याखाली दबलेला बारीक आवाज मग उमटतो. मोठ्याचे तोंड दाबायचे नाही. त्याचे ऐकून घ्यायचे आणि बाजूला ठेवायचे.

आपल्याकडचे सीडीएमए फोन केव्हाच बंद झाले. नंतरच्या थ्रीजीत हीच आज्ञा सेकंदाला १५०० वेळा जाऊ लागली. आजच्या फोनलाही हा लगाम आहेच.

कविसंमेलनात पुढच्या रांगेतली दाद ऐकताना मला ती संध्याकाळ आठवते. मनोऱ्याजवळ बसलेल्याने आवाज उतरवला, तरच हद्दीवरच्याचे शब्द पोचतात. अम्मा आता नाही. आपाचा फोन आला की मी आधी घरातला टीव्ही बंद करतो.