घडाघडा वाचते, पण कळतं का?

नंदनवन, नागपूरमधून बोलतोय. आजचा भाग लहान मुलांच्या वाचनावर आहे. म्हणजे मोबाइल सोडा, पुस्तक धरा असलं काही मी सांगणार नाही, तुम्ही मला मोबाइलवरच ऐकताय. आज बोलायचंय ते वाचलेलं समजण्याबद्दल.

सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो. रविवारी सकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात दुसरी ते पाचवीची दहा-बारा पोरं येतात, त्यांच्यासोबत वाचायला बसतो. त्यात चौथीतली एक मुलगी आहे. वाचन एकदम घडाघडा, जोडाक्षरालाही अडत नाही. तिचे बाबा म्हणाले, "सर, वाचन मस्त आहे तिचं, गणितच कच्चं आहे. ट्यूशन लावून देऊ का?" महिन्याचे पैसे कुठून काढायचे याचा हिशोबही त्यांनी सुरू केला होता.

मी तिला एक गणित दिलं. सीमाकडे १२ बोरं आहेत. ती मीनाकडच्या बोरांपेक्षा ४ ने जास्त आहेत. मीनाकडे किती? ती लगेच म्हणाली, १६. 'जास्त' दिसलं की बेरीज! मग बोरं काढून सीमा आणि मीनाचे दोन ढीग करायला लावले, तर दोन मिनिटांत ८ आले. वजाबाकी तिला येत होती, अडलं होतं ते वाक्य समजण्यात. ट्यूशनमध्ये अशी आणखी पन्नास गणितं करून घेतली असती, आणि पोरगी मनात पक्कं करून बसली असती की आपल्याला गणित येत नाही.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. कोड कंपाइल झाला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं कोणी धरत नाही. पोरगं अडखळलं नाही की आपण मात्र खूश होतो.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ मध्ये यावर एक साधं सूत्र मांडलं. अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच. 'असर'च्या पाहणीचे आकडे तुम्ही ऐकले असतील. ग्रामीण भारतात पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येते, तर २०१८ मध्ये ५०.५ टक्के, आणि कोरोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के. त्यातही मुख्यतः मोठ्याने वाचता येतं का हेच बघतात. म्हणजे ही गुणाकाराची पहिली बाजू झाली. बोललेलं ऐकून उच्चार तपासणारी ॲप्स आहेत, त्यांचंही तेच. सरावाला छान, पण 'वाचलं' आणि 'कळलं' यातला फरक त्यांना उच्चारावरून कसा कळणार?

आता दुसरी बाजू. एका उताऱ्यात होतं, "ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली." विचारलं, होडी का रुतली? उत्तर आलं, "चिखल होता म्हणून." ओहोटी म्हणजे काय? एक जण म्हणाला, "ब्रेक असंन." हसू नका! समुद्र आपल्यापासून किती लांब आहे बघा. मग मी मारबतीवर दहा ओळी लिहून नेल्या. पोळ्याचा दुसरा दिवस, काळी, पिवळी, बडगे, गर्दी. तीच पोरं, पण जे लिहिलंच नव्हतं तेसुद्धा सांगायला लागली.

अमेरिकेत १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी हेच बेसबॉलवर करून पाहिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणून उतारा द्यायच्या आधी पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारा. मी ओहोटीचा व्हिडिओ दाखवला, होडी कागदाची केली आणि परातीतलं पाणी हळूहळू काढलं. एवढं पुरलं.

प्रश्न कसे विचारता यावर तर फारच अवलंबून आहे. एक वाक्य घ्या. "आजीने आभाळाकडे पाहिलं आणि गच्चीवरच्या कुरड्या भराभर गोळा केल्या." 'कुरड्या कोणी गोळा केल्या?' याचं उत्तर न समजताही देता येतं, शब्द जुळवले की झालं. 'का गोळा केल्या?' याचं उत्तर कागदावर नाही, पाऊस हा शब्दच तिथे नाही. ते डोक्यात तयार करावं लागतं. त्यावर माझा आवडता प्रश्न, "तुला कशावरून कळलं?" मग पोरगं बोट ठेवून 'आभाळाकडे' दाखवतं.

आणि उत्तर आलं, "वल्ल्या होऊन जातीन ना सर!", तर तिथे 'ओल्या होतील म्हण' असं टोकू नका. समज तपासत असताना भाषा तपासायची नाही. पोरगं घरी जे बोलतं त्यातच विचार करतं. एकदा टोकलं की पुढच्या वेळी गप्प बसतं, आणि आपण समजतो त्याला येत नाही. पुस्तकी मराठी शिकवूच, पण त्याला वेगळा वेळ.

एक शेवटची पद्धत. पॅलिन्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली. पुढे काय होईल ते ओळखायचं, प्रश्न काढायचा, अडलेलं सोडवायचं, थोडक्यात सांगायचं, आणि पाळीपाळीने मुलांनीच सर व्हायचं. पहिले दोन रविवार निव्वळ गोंधळ झाला. प्रश्न सगळे 'नाव काय' छापाचे. मी आधी स्वतः करून दाखवत राहिलो, मग हळूहळू जमलं.

ट्यूशन अजून लागलेली नाही. बाबा रोज रात्री दहा मिनिटं तिच्याकडून गोष्ट ऐकतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यातली. स्वतः फार शिकलेले नाहीत, तरी "मंग का झालं? कायले?" एवढं विचारतात. गेल्या रविवारी ती सर झाली होती. तिने मलाच विचारलं, "सर, आजी एकटीच का पळाली? घरात बाकी कोणी नव्हतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. वाक्य मीच लिहिलं होतं.