अधूनमधून येणारा बिघाड

जे यंत्र पूर्णपणे बंद पडते, ते कोणाची फसवणूक करीत नाही. ते बंद आहे हे सर्वांनाच दिसते आणि कारागीर कामाला लागतो. फसवितो तो चालता चालता मध्येच अडखळणारा, आणि तपासावयास जावे तो पुन्हा सुरळीत चालणारा बिघाड. संकेतस्थळांच्या व्यवहारात हा अनुभव नित्याचा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारा विद्यार्थी बटण दाबतो. पडद्यावर काही त्रुटी झाली एवढेच उमटते. तो तक्रार करतो. कचेरीतील कारकून तोच अर्ज उघडून पाहतो, तो अर्ज निमूटपणे उघडतो. मग चूक विद्यार्थ्याच्या माथी मारली जाते. म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. खरे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचाही आहे.

जुने वैद्य हिवतापाला एकांतरा, तिजारा अशी नावे देत. ताप कोणत्या दिवशी भरतो, यावरून ते त्याची जात ओळखीत. अधूनमधून येणाऱ्या बिघाडालाही अशीच वेळ असते. ती न पाहणाऱ्यालाच तो लहरी वाटतो.

संकेतस्थळाची सर्व माहिती डेटाबेसमध्ये असते व तिची विचारणा एका जोडणीवरून होते. प्रत्येक वेळी नवी जोडणी करण्यात वेळ जातो. म्हणून घाटावर होड्या बांधून ठेवाव्यात तशा काही जोडण्या तयार ठेवतात. आता पाहा, बिघाड रोज सकाळी पहिल्याच विचारणेला येतो व नंतर दिवसभर येत नाही, असे समजा. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये न वापरलेली जोडणी 28,800 सेकंदांनी, म्हणजे 8 तासांनी, आपोआप तोडण्याची मूळ योजना आहे. रात्रभर कोणी फिरकले नाही की डेटाबेस दोर कापतो. घाटावर मात्र होडी बांधलेलीच आहे असा समज राहतो. सकाळचा पहिला उतारू बुडतो, दुसऱ्याला नवी होडी मिळते. उपाय सोपा आहे: जोडणी त्या मुदतीपूर्वीच बदलावी, किंवा वापरण्यापूर्वी तपासावी.

बिघाड दिवसाच्या ओघात वाढत जातो व यंत्रणा पुन्हा सुरू करताच नाहीसा होतो, तर कारण निराळे असण्याचा संभव अधिक. जावा भाषेतील हिकारी या साधनात मुळात 10 जोडण्यांची सोय असते. एखाद्या कामात त्रुटी येऊन घेतलेली जोडणी परत केलीच गेली नाही, तर एक होडी कायमची गेली. अशा दहा गेल्या की अकरावा उतारू 30 सेकंद तिष्ठतो आणि हात हलवीत परततो. येथे होड्यांची संख्या वाढविल्याने संकट टळत नाही, लांबते.

तिसरा प्रकार गर्दीच्या वेळचा. दोन कामे एकमेकांनी अडवून धरलेल्या नोंदींची वाट पाहत बसतात. मायएसक्यूएलची इनोडीबी ही यंत्रणा असा पेच ओळखून त्यांपैकी एक काम रद्द करते. रद्द झालेले काम पहिल्यापासून पुन्हा करावे, आणि सर्व कामांनी नोंदी एकाच क्रमाने घ्याव्यात, म्हणजे पेच क्वचितच पडतो. मात्र पैसे भरण्यासारखे काम आधी पुरे झाले किंवा कसे, हे पाहिल्यावाचून पुन्हा करू नये. अन्यथा एकाच माणसाकडून दोनदा शुल्क घेतले जाईल.

हे सारे कळते ते नोंदींवरून. मायएसक्यूएलची मंद विचारणांची नोंदवही मुळात बंदच असते, आणि उघडली तरी 10 सेकंदांहून अधिक रेंगाळलेली विचारणाच तीत उतरते. ती मर्यादा खाली आणावी लागते. त्रुटीची नेमकी वेळ, तिचे पूर्ण शब्द, त्या क्षणी वापरात असलेल्या जोडण्यांची संख्या, एवढे लिहून ठेवल्यास आठवड्याभरात बहुधा बिघाडाची चाल दिसू लागते.

यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करणे हा घाईचा उपाय आहे. त्याने काम चालते, परंतु पुरावा पुसला जातो. तो करणे भागच पडले, तर आधी नोंद करावी आणि मगच कळ दाबावी. तसे झाले, तर पुढच्या खेपेस तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला 'आमच्याकडे तर चालते' हे उत्तर ऐकावे लागणार नाही.